गाडीचे आतले अंग



ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानोबारायांची पालखी आळंदीहून निघते, आणि तिच्यासोबत दिंड्यांच्या गाड्याही निघतात. सामानाचे ट्रक, टेम्पो, पाण्याचे टँकर, अलीकडे बसगाड्यासुद्धा. आदल्या आठवड्यात या गाड्या धुऊनपुसून सजवतात. समोर पांडुरंगाची तसबीर, काचेवर दिंडीचा क्रमांक, दोन्ही अंगांना भगव्या पताका आणि झेंडूच्या माळा. रस्त्याच्या कडेला उभे असलेले भाविक त्या गाडीलाही हात जोडतात. मला आज गाडीच्या या बाहेरच्या अंगाविषयी बोलायचे नाही. आतल्या अंगाविषयी बोलायचे आहे.

कीर्तनकाराने झाडू, फडके आणि गोधडी यांवर लिहावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण पन्नास वर्षे उभे राहून निरूपण केल्यावर आता गुडघे ऐकत नाहीत आणि आवाजही बसला आहे. गेली काही वर्षे मी पायी चालत नाही. दिंडीच्या बसमध्ये असतो. त्या बसचे आतले अंग स्वच्छ ठेवणे हीच माझी वारीतली सेवा आहे. पूर्वी टाळकऱ्यांच्या मध्ये उभा राहून जे बोललो, त्यातले पुष्कळ काही मला या गाडीत फडके पिळताना नव्याने समजले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी गाडी कशी आहे ते सांगतो. आमच्या दिंडीने शाळेची एक जुनी बस विकत घेतली. आर.टी.ओ.ची रीतसर मंजुरी काढून आतली बाके काढली, लोखंडी अँगलचे सांगाडे केले आणि वर प्लायवूडच्या फळ्या टाकल्या. खाली आठ जणांची झोपण्याची सोय, वर चौघांची. खाली म्हातारी माणसे, वर त्यांची सेवा करणारे. मागच्या बाजूला पाण्याची टाकी, औषधांचे कपाट, वीणा टांगायला खुंटी आणि पडद्याआड एक कमोडची खुर्ची. थोडक्यात, चाकांवरचे घर. परदेशात लोक असली गाडी घेऊन सुट्टीत हौसेने फिरतात, तिला मोटारहोम म्हणतात. आमच्या गाडीला हौसेने जन्म दिलेला नाही, गरजेने दिला आहे. चाळीस-चाळीस वाऱ्या पायी केलेली माणसे, ज्यांचे पाय थकले पण ओढ थकली नाही, ती या गाडीत असतात. अठरा-वीस दिवस तेच त्यांचे घर.

सज्जनहो, गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. ती अमानित्वापासून सुरू होतात, आणि आचार्योपासनेच्या पाठोपाठ शौच येते. ज्ञानेश्वरीत माउलींनी या शौचाला कापराचा दृष्टान्त दिला आहे. कापूर बाहेरून एक आणि आतून एक असा नसतो. तोडा, कुटा, उगाळा; जसा वर तसाच पोटात. हा दृष्टान्त मी कीर्तनात किती वेळा सांगितला असेल, त्याची गणती नाही. परंतु बाहेर झेंडूच्या माळा आणि आत ओल्या गोधड्यांचा कुबट वास, अशी गाडी उघडली की हा दृष्टान्त आपल्याकडे बोट दाखवतो.

आषाढातली गाडी आतून खराब होते ती मुख्यतः तीन गोष्टींनी: चिखल, ओल आणि कोंडलेली हवा.

चिखलाचे आधी घेऊ. दिवे घाट चढून सासवडकडे आलो की पायांना माती लागते, आणि नीरा ओलांडली की काळ्या रानातला चिखल सुरू होतो. हा चिखल ओला असताना फडक्याने पुसायला गेलात तर तो फळीच्या सांध्यांत जाऊन बसतो. त्याला वाळू द्यावे, मग कुंच्याने घासून, सुपलीत भरून बाहेर टाकावे, आणि सगळ्यात शेवटी पिळलेले फडके फिरवावे. बादलीभर पाणी आत ओतून गाडी धुण्याचा मोह पुष्कळांना होतो. दिसायला ती चकचकीत होते, पण ते पाणी प्लायवूडमध्ये मुरते, फळी फुगते, खाली लोखंड गंजते. आम्ही दाराच्या पायरीवर एक ओले पोते आणि आत एक कोरडे पोते टाकतो. निम्मा चिखल तिथेच राहतो. चपला आत आणायच्या नाहीत, हा नियम मंदिरासारखाच पाळतो.

बुक्क्याचेही तसेच. माळकऱ्याच्या उशीवर बुक्का पडणारच. त्यावर पाण्याचा हात लावला की काळा डाग पसरतो. उशी बाहेर नेऊन कोरडीच झटकावी, मग धुवावी.

ओल ही मात्र कपटी. ती डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळते. पाऊस बाहेर पडतो आणि ओल आत कशी, असे नवे सेवेकरी विचारतात. अहो, दहा-बारा माणसे बंद गाडीत रात्रभर श्वास घेतात. त्या श्वासातले पाणी पहाटे काचांवर आणि पत्र्यावर थेंब होऊन उभे राहते. त्यात ओले पंचे, ओली लुगडी आत वाळत घातली, की तिसऱ्या दिवशी गोधडीला बुरशीचे ठिपके येतात आणि दम्याचा माणूस रात्री उठून बसतो. म्हणून पाऊस असला तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटे उघड्या ठेवायच्या. पहाटे काकडआरती झाली की पहिले काम काचा आणि पत्रा कोरड्या फडक्याने पुसण्याचे. ओले कपडे गाडीत नाहीत. ते तळावरच्या राहुटीत दोरीवर. मोबाईल चार्ज करायच्या वायरींवर पंचा टाकलेला मला दिसला, तर मी त्या माणसाच्या वयाचा मुलाहिजा ठेवत नाही. वीज आणि पाणी यांची भेट घडवून आणण्याचे पुण्य आपल्याला नको.

पाण्याची टाकी मोकळी करून आठवड्यातून दोनदा आतून घासावी लागते. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही, कारण डेंग्यू पसरवणारा डास आपली अंडी टाकीच्या कडेला चिकटवतो. कडा घासल्या तरच ती जातात. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने टाकी विसळावी, मग दोनदा साध्या पाण्याने. आणि एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि गाडीसारख्या लहान जागेत तो घात करतो. कमोडची बादलीसुद्धा आधी भरपूर साध्या पाण्याने धुवावी, मगच दुसरे काही वापरावे.

कोंडलेल्या हवेविषयी थोडे कठोर बोलतो, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. पावसाळी रात्री म्हाताऱ्या हाडांना थंडी वाजते. कोणीतरी मायेने म्हणते, "महाराज, शेगडी पेटवून आत ठेवू का घटकाभर?" नाही. बंद जागेत कोळसा जळला की जो वायू साचतो त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. तीच गोष्ट गॅसची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली फरशीवर आणि दाराच्या पायरीच्या खोलगटात साचून राहतो. म्हणून आमच्या बसमध्ये चहासुद्धा होत नाही. सिलिंडर वेगळ्या उघड्या टेम्पोत, उभे आणि दोरीने बांधलेले. रेग्युलेटरच्या सांध्याला रोज साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे, आणि स्वयंपाक राहुटीत मोकळ्या हवेत. गाडीत गरम पाण्याचे थर्मास येतात, तेवढे पुरे.

वाद्यांची काळजी हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग. पखवाजाच्या धुमेला कणीक लावतात हे तुम्ही जाणता. भजन संपले की ती खरवडून काढावी लागते. ती तशीच राहिली तर रात्रीत आंबते, मुंग्या येतात, झुरळे येतात, आणि उंदीर आला तर तो पुडीलाही सोडत नाही. कणीक काढून, पुडी कोरड्या फडक्याने पुसून, पखवाज गवसणीत घालून उंचावर ठेवायचा. टाळांना हाताचा घाम लागलेला असतो, तो पुसला नाही तर हिरवट कळा चढते. वीणेचा भोपळा ओलीने खराब होतो, म्हणून ती खुंटीला टांगलेली, भिंतीपासून वीतभर दूर. आळंदीला विद्यार्थीदशेत असताना आमचे गुरुजी म्हणत, वाद्य पुसल्याशिवाय भजन संपले असे समजू नये. वाद्याला लागू असलेला हा नियम मी आता गाडीला लावतो.

आता जे सांगण्यासाठी लेखणी उचलली, ते सांगतो.

एका वर्षी आमच्या गाडीत मराठवाड्यातल्या एक माई होत्या. वय ऐंशीच्या पुढे. हयातभर पायी वारी केलेली. त्या वर्षी पहिल्यांदाच गाडीत बसल्या होत्या, आणि त्याचा संकोच त्यांच्या बसण्यात दिसे. फळीच्या कडेवर बसायच्या, जणू दुसऱ्याच्या घरी आल्या आहेत. पुण्याचा मुक्काम झाला, सासवड झाले. गाडीत एक वास येऊ लागला. आम्ही फरशी पुसली, कमोड धुतला, कापूर जाळला. वास जाईना. कोणीतरी उदबत्तीचा पुडा आणून दोन-दोन काड्या लावल्या. त्याने वास झाकला गेला आणि वरच्या फळीवरच्या दमेकरी बाबांना खोकल्याची उबळ आली. मग आपापसात बोलणे सुरू झाले, "वास कुणाच्या जागेवरून येतो?" म्हातारी माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

वाल्ह्याच्या मुक्कामी त्या माईंना भोवळ आली. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, ऊन कडक होते. फिरत्या दवाखान्याच्या गाडीतले डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारले, "आजी, पाणी कधी प्यायलात?" माई काही बोलल्या नाहीत. त्यांना सलाईन लावले.

आमच्या दिंडीत स्वयंपाक पाहणाऱ्या एक मावशी आहेत. शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण माणूस वाचतात. त्यांनी मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "महाराज, माईनं दुपारनंतर पाणी सोडलंय. चहाबी सोडलाय. रात्री अंथरूण ओलं होतं म्हणून. फळीखाली पिशवीत गोधडी दडवलीय. मला ठावं हाय, पण मी हात लावला न्हाई. हात लावला तर ती घरला निघून जाईल."

माउली हो, मी नुसता उभा राहिलो. वासाचा शोध आम्ही सगळे घेत होतो. वासामागचे माणूस त्या मावशीने पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी लोणंदचा मुक्काम. पहाटे मावशी गाडीच्या दारात येऊन मोठ्यांदा म्हणाल्या, "आज समद्यांच्या गोधड्या भाईर! महाराजांची, ड्रायव्हरची, माझीबी. लोणंदात पाणी हाय, ऊन हाय. एक बी आत राहता कामा न्हाई." बारा अंथरुणे एका ढिगात पडली. त्या ढिगात कोणती कोणाची, हे कोणालाही सांगता आले नसते. आम्ही ती पंपावर नेली. आधी गार पाण्यातून काढली, मग साबणाच्या. असला डाग गरम पाण्याने पक्का होतो, हे मावशीकडून शिकलो. फळ्यांवर रेक्झिन ठोकून घेतले, तेही सगळ्यांच्या. फोमच्या दोन जाड गाद्या कोणी दान दिल्या होत्या, त्या सामानाच्या ट्रकमध्ये गेल्या, कारण फोम एकदा भिजला की पोटातून वाळत नाही. त्यांच्या जागी पातळ गोधड्यांचे दोन-दोन पदर. ज्या जागी वास मुरला होता तिथे खाण्याचा सोडा भुरभुरून ठेवला आणि तासाभराने झटकला.

त्या दिवसापासून नियम झाला: एका दिवसाआड सगळी अंथरुणे बाहेर, आणि रोज पहाटे सगळ्या रेक्झिनवर ओले फडके, मग कोरडे. कोणाच्या जागेवर काय होते हे विचारायचे नाही, पाहायचे नाही, दुसऱ्याला सांगायचे नाही. रात्री एक सेवेकरी दोनदा उठून सगळ्यांनाच विचारतो, "कुणाला उठायचं आहे का?" एकट्याला विचारत नाही.

तरडगावला, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण पाहून आलेले वारकरी वर्णन सांगत होते, तेव्हा माईंनी मावशीकडे हात पुढे केला आणि म्हणाल्या, "तांब्या दे गं." त्या पाणी प्यायल्या. मला विचाराल तर त्या वर्षीचा माझा कळस तिथेच झाला. पुढे वाखरीहून आमच्या मुलांनी त्यांना हाताला धरून थोडे चालवले. पंढरीत शिरताना त्या पायांवर होत्या.

अमानित्व आधी आणि शौच मागाहून असा क्रम तेराव्या अध्यायात का असावा, याचे एक उत्तर मला त्या लोणंदच्या पंपावर मिळाले. शास्त्रकार याहून खोल सांगतील. मला एवढेच कळले की झाडणाऱ्याच्या मनात मान शिरला की तो धुळीचा मालक शोधतो. "मी स्वच्छ करतो" याला "तू घाण केलीस" हे शेपूट आपोआप लागते. मग फरशी लखलखीत होते आणि फळीवरचे माणूस पाणी पिणे सोडते. जी स्वच्छता माणसाला ओशाळे करते, ती कापरासारखी नाही. ती बाहेरच्या झेंडूच्या माळेसारखी आहे.

आपल्या परंपरेत झाडणे कधी हलके नव्हते. जनाबाईंच्या घरकामाला प्रत्यक्ष पांडुरंग हात लावी, अशी आपली श्रद्धा आहे. गाडगेबाबा (1876 ते 1956) गावात आले की आधी खराटा हातात घेत. दिवसा गाव झाडून काढत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. खराटा आणि कीर्तन ही त्यांची दोन कामे नव्हतीच, एकच होते. आज मात्र दिंडीत पाहावे तर टाळ घ्यायला शंभर हात, पखवाजाला चार, वीणेसाठी रांग, आणि गाडी पुसायला कोणी नाही. ट्रकवरच्या पोऱ्याला आपण 'क्लीनर' म्हणतो. शब्दाचा अर्थ स्वच्छता करणारा. पण ते काम त्याच्या गळ्यात टाकून आपण त्याला पंगतीत शेवटी बसवतो. आमच्या दिंडीत आता रोज एक टाळकरी आणि एक विद्यार्थी आळीपाळीने गाडीच्या सेवेला असतात. जो विद्यार्थी पुढे कीर्तनकार होणार, त्याला ही पाळी चुकत नाही.

कोणी म्हणेल, गाडीतली वारी ही वारी का? पायी चालणाऱ्याचे चालणे थोर, यात वाद नाही. पण वाट चालून थकलेल्याला वाटेवर ठेवणे हेही वारीचेच काम आहे. म्हातारपण आज त्यांच्या फळीवर आहे, उद्या तुमच्या-माझ्या. ती फळी कोरडी असावी आणि तिच्यावर बसताना मान खाली जाऊ नये, एवढीच आपली मागणी असणार.

शेवटी वारी संपल्यानंतरचे. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की सगळ्यांना घराची ओढ लागते, आणि गाडी जशी आहे तशी शेडमध्ये उभी राहते. असे करू नका. टाकी रिकामी करून उपडी घाला. अंथरुणे घरोघर वाटून दोन उन्हे दाखवा, मग कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून बांधा. डांबरगोळ्या टाकू नका; म्हाताऱ्या छातीला तो वास सोसत नाही. फळ्या उचलून खालची फरशी पुसा, शिळ्या लाह्यांचा दाणासुद्धा ठेवू नका. खिडक्या फटीपुरत्या उघड्या आणि फटीला जाळी. कार्तिकीपर्यंत महिन्यातून एकदा जाऊन दार उघडा, वारा खेळू द्या, नाक आत घालून पाहा.

आणि पुढच्या आषाढीला तुमच्या दिंडीच्या गाडीत चढाल तेव्हा फळीवर बसलेल्या म्हाताऱ्या माउलीला आधी एक गोष्ट विचारा: "माई, पाणी प्यायलात का?" गाडी आतून स्वच्छ आहे की नाही, ते त्या उत्तरावरून कळेल.

राम कृष्ण हरी.